अमेरिकेत रिसर्चला निघालेल्या एमबीबीएसवाल्यांसाठी: माझे वाया गेलेले अडीच महिने तुम्ही कसे वाचवाल

मी जुलै 2024 मध्ये ओहायोतल्या एका विद्यापीठात सहा महिन्यांच्या रिसर्चसाठी गेले. पहिल्या रुग्णाची पहिली नोंद डेटाशीटमध्ये भरली तेव्हा सप्टेंबरचा तिसरा आठवडा उजाडला होता. मधल्या काळात मी टीबीची टेस्ट पुन्हा केली, आयडी कार्डासाठी या इमारतीतून त्या इमारतीत फिरले आणि लॅबमधल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून पेपर वाचले. तिथली माणसं चांगली होती, कोणी मुद्दाम अडवलं नाही. पण यातली निम्म्याहून जास्त कामं मला लातूरला घरी बसून उरकता आली असती. कोणी सांगितलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही.

तुम्ही एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षात, इंटर्नशिपमध्ये किंवा नुकतेच बाहेर पडलेले असाल आणि पुढे अमेरिकेत रेसिडेन्सीचा विचार असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. 26 जानेवारी 2022 पासून युएसएमएलई (अमेरिकेत डॉक्टरकीच्या परवान्यासाठीची परीक्षा) स्टेप 1 चा निकाल फक्त पास-नापास लागतो. तिथला आकडा गेल्यामुळे रिसर्चकडे ओढा वाढलाय आणि त्याचबरोबर रिसर्चच्या नावावर पैसे उकळणारेही वाढलेत. त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

1. आधी ठरवा, तुम्ही कोणत्या कॅटेगरीत बसता

रिसर्चसाठी बहुतेकांना जे-1 व्हिसा लागतो. आपल्याला वाटतं, जे-1 म्हटलं की झालं. पण जे-1 मध्ये वेगवेगळ्या कॅटेगरी आहेत आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं.

शॉर्ट-टर्म स्कॉलर: जास्तीत जास्त सहा महिने. नंतर एक दिवसही वाढवून मिळत नाही.

रिसर्च स्कॉलर: पाच वर्षांपर्यंत. पदवी हातात हवी. मात्र हा कार्यक्रम संपला की पुढचे 24 महिने पुन्हा रिसर्च स्कॉलर म्हणून येता येत नाही, मग तुम्ही तीनच महिने राहून परत आला असलात तरी. म्हणून कंटाळा आला, थंडी सोसवेना, एवढ्यावरून तो अर्ध्यात सोडू नका.

स्टुडंट इंटर्न: अजून कॉलेजात शिकत असाल तर हा पर्याय. जास्तीत जास्त 12 महिने. यात डीएस-7002 नावाचा ट्रेनिंग प्लॅन भरावा लागतो आणि रुग्णसेवेचं काम चालत नाही.

माझी चूक इथेच झाली. पीआयनं, म्हणजे प्रोजेक्टच्या प्रमुखानं विचारलं, 'सहा महिने जमतील?' मी आनंदाच्या भरात हो म्हटलं आणि डिपार्टमेंटच्या कोऑर्डिनेटरनं 'शॉर्ट-टर्म'वर खूण केली. ऑक्टोबरच्या शेवटी पीआय म्हणाले, मार्चपर्यंत थांब. इंटरनॅशनल ऑफिसनं दोन ओळींत नाही कळवलं. मुक्काम लांबण्याची थोडी जरी शक्यता असेल तर पहिल्याच ईमेलमध्ये लिहा की मला रिसर्च स्कॉलर म्हणून अर्ज करायचा आहे.

दोन गैरसमज इथेच दूर करते. पहिला, 24 महिन्यांचा नियम रेसिडेन्सीच्या जे-1 फिजिशियन कॅटेगरीला लागत नाही, तेव्हा मॅचच्या (रेसिडेन्सीच्या जागावाटपाच्या) भीतीनं रिसर्च स्कॉलर नाकारू नका. दुसरा, 'जे-1 संपल्यावर दोन वर्षं भारतात राहावंच लागतं' हा. तो नियम वेगळा. ज्या स्किल्स लिस्टमुळे (मायदेशाला गरजेच्या कौशल्यांची अमेरिकन सरकारची देशवार यादी) तो अनेक भारतीयांना लागायचा, तिच्यातून 9 डिसेंबर 2024 पासून भारताचं नाव निघालं आहे. सरकारी पैशावर जाणाऱ्यांना आणि जे-1 वर रेसिडेन्सी करणाऱ्यांना मात्र तो अजून लागतो.

'टुरिस्ट व्हिसावर ये, लॅबमध्ये बस, कोण बघतंय' असं सांगणारा सीनिअर प्रत्येक कॉलेजात असतो. ऐकू नका. पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात हे तुमच्या मागे लागतं.

आणि रिसर्च हा ऑब्झर्व्हरशिपसारखा, म्हणजे डॉक्टरांसोबत राहून रुग्णसेवा बघण्यासारखा नाही. रिसर्चच्या जे-1 वर रुग्ण तपासायचा नाही. क्लिनिकमध्ये बसून फॉर्म भरून घ्यायचे असले तरी विद्यापीठाला तसं पत्र द्यावं लागतं.

2. पीआय शोधा, पण आंधळेपणानं नाही

पीआय म्हणजे प्रिन्सिपल इन्व्हेस्टिगेटर, ज्यांच्या नावावर प्रोजेक्ट आणि पैसा असतो. आपल्याकडे मुलं विद्यापीठाच्या वेबसाइटवरून सगळ्या प्राध्यापकांचे पत्ते उचलतात आणि एकच मजकूर शंभर जणांना धाडतात. मीही आधी तेच केलं. पहिल्या पन्नासेक ईमेलना एकही उत्तर नाही.

मग एका मैत्रिणीनं एनआयएच रिपोर्टर दाखवलं. अमेरिकन सरकारच्या पैशावर चाललेले वैद्यकीय संशोधन प्रकल्प तिथे कुणालाही फुकट बघता येतात. विषय आणि राज्य टाका, पीआयचं नाव, प्रोजेक्टचा सारांश आणि त्याची अखेरची तारीख समोर येते. ज्यांची ग्रँट दोन-तीन महिन्यांत संपतेय त्यांना सोडा. उरलेल्यांची नावं पबमेडवर (वैद्यकीय पेपरांची ऑनलाइन सूची) टाका आणि त्यांच्या पेपरांमध्ये पहिलं नाव कुणाचं असतं ते पाहा. परदेशातून आलेल्या मुलांची नावं पुढे दिसली तर तिथे तुम्हालाही संधी आहे. दहा पेपरांत एकही नवखा पहिला लेखक नसेल, तर काय ते समजा.

ईमेल सहा-सात ओळींचा पुरे. 'रिस्पेक्टेड सर/मॅडम' नको, 'डिअर डॉक्टर' आणि आडनाव. त्यांचा कोणता पेपर वाचला आणि त्यातलं काय खटकलं किंवा आवडलं, हे एका वाक्यात. तुम्हाला काय येतं हे दुसऱ्या वाक्यात, म्हणजे 'मला रिसर्चची आवड आहे' नव्हे, तर 'मी आर वापरून सर्व्हायव्हल कर्व्ह काढू शकते' असं. कधीपासून, किती महिने, पैसे स्वतःचे की फेलोशिपचे, हे तिसऱ्यात. आयसीएमआरची एसटीएस (एमबीबीएसच्या मुलांसाठीची छोटी रिसर्च योजना) केली असेल तर तिचा उल्लेख जरूर करा, कारण अर्ज, मंजुरी, अहवाल हे सगळं तुम्ही एकदा पार पाडलंय हे त्यावरून कळतं.

पाठवायची वेळ आपल्या संध्याकाळची, साडेसहा-सातची. उन्हाळ्यात अमेरिकेच्या पूर्व भागात तेव्हा सकाळचे नऊ-साडेनऊ असतात. आठवड्यानं एक आठवण, त्यानंतर विषय सोडा. मी मोजून 34 ईमेल या पद्धतीनं पाठवले, सात उत्तरं आली, दोघांशी झूमवर बोलले आणि एकीकडे जमलं.

सापळा: 'गॅरंटीड रिसर्च पोझिशन, इतके लाख' असं सांगणारे एजंट. काही विद्यापीठं कागदपत्रांची अधिकृत फी घेतात, ती त्यांच्या वेबसाइटवर लिहिलेली असते. पण खासगी खात्यावर पैसे मागणारा माणूस आणि पेपरवर नाव विकणारा ग्रुप दोन्ही टाळा. मुलाखतीत त्याच पेपरवर प्रश्न आला तर तोंड उघडायला जागा राहत नाही.

3. होकार आल्या दिवशीच हे पाच प्रश्न विचारा

सगळ्या लेखातून एकच भाग लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा. होकाराला 'थँक यू सो मच' लिहून मी महिनाभर गप्प बसले. तुम्ही त्याच ईमेलमध्ये विचारा:

मी नेमक्या कोणत्या प्रोजेक्टवर असेन आणि त्याला आयआरबीची मंजुरी मिळालेली आहे का?
माझं नाव त्या प्रोटोकॉलमध्ये घालायला कोण अर्ज करणार?
मला विद्यापीठाचं गेस्ट लॉगिन येण्याआधी मिळेल का, म्हणजे मी सिटी ट्रेनिंग इथूनच करेन?
हॉस्पिटलच्या आरोग्य तपासणीची यादी आत्ताच पाठवाल का?
डीएस-2019 वरची (जे-1 साठी विद्यापीठ देतं तो कागद) सुरुवातीची तारीख कोण ठरवतं?

आयआरबी म्हणजे आपल्याकडची एथिक्स कमिटी. फरक इतकाच की तिथे प्रोटोकॉलमध्ये नाव आणि ट्रेनिंगचं प्रमाणपत्र असल्याशिवाय रुग्णांच्या नोंदी तुम्हाला कोणी उघडूनही दाखवणार नाही. सिटी (CITI) ट्रेनिंग ऑनलाइन असतं, मानवी संशोधनाचे नियम वगैरे. एका शनिवार-रविवारात होतं. ते मी ओहायोत जाऊन केलं, आणि मग नाव प्रोटोकॉलमध्ये जाण्याची वाट पाहत पाच आठवडे बसले.

शेवटचा प्रश्न तर सोन्यासारखा आहे. जे-1 वाल्यांना कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी 30 दिवसांपर्यंत अमेरिकेत येता येतं. माझ्यासारखं सुरुवातीच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी उतरू नका. दोन-तीन आठवडे आधी या, घर, बँक, फोन, थंडीचे कपडे उरका. त्या दिवसांत लॅबमध्ये काम करायचं नाही, एवढं पथ्य पाळा. सहा महिन्यांचं घड्याळ त्या कागदावरच्या तारखेलाच सुरू होतं.

4. पैशांचे आणि बाकीचे कागद

विद्यापीठ डीएस-2019 देतं, पण त्याआधी तुमचा खर्च कोण करणार याचा पुरावा मागतं. रक्कम प्रत्येक विद्यापीठाची वेगळी. आमचं घोडं पेंड खात राहिलं ते इथे. बाबांची बरीचशी ठेव गावातल्या पतसंस्थेत होती आणि मराठीतलं पासबुक विद्यापीठाला कळेना. शेवटी ठेव मोडून राष्ट्रीयीकृत बँकेत आणली आणि मॅनेजरकडून इंग्रजीत, डॉलरमधल्या रकमेसह, सही-शिक्क्याचं पत्र घेतलं. हे काम दोन महिने आधी सुरू करा.

लागणारे कागद असे:

पासपोर्ट, मुक्कामानंतरही निदान सहा महिने चालेल असा
एमबीबीएसची पदवी किंवा कॉलेजचं बोनाफाईड, आणि गुणपत्रकं
इंटर्नशिप पूर्ण झाल्याचा दाखला
इंग्रजी येतं याचा पुरावा, टोफेल किंवा विद्यापीठानं घेतलेली मुलाखत
बँकेचं पत्र, आणि खर्च आई-वडील करणार असतील तर त्यांचं प्रतिज्ञापत्र
पीआयचं किंवा विभागाचं निमंत्रण पत्र
विम्याचा कागद

नाशिकहून आरोग्य विद्यापीठाचे कागद मागवायचे असतील तर हातात भरपूर वेळ ठेवा. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलं असेल तर बंधपत्रित सेवेचं काय, हे आधी डीन ऑफिसमध्ये जाऊन मिटवा. मूळ कागद तिथे अडकलेले असतात आणि ते तुम्हाला व्हिसाच्या आठवड्यात आठवतं.

विमा घेताना स्वस्त बघून घेऊ नका, जे-1 चे चार आकडे जुळवा: एका आजाराला किंवा अपघाताला निदान 1,00,000 डॉलर, वैद्यकीय कारणानं मायदेशी हलवण्यासाठी 50,000, मृतदेह परत आणण्यासाठी 25,000, आणि स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम प्रत्येक आजाराला 500 डॉलरहून जास्त नको. तिसरा आकडा वाचून आई दोन दिवस नीट जेवली नाही. तिला तो कागद दाखवू नका.

5. लसी आणि ती टीबीची टेस्ट

हॉस्पिटलशी जोडलेल्या लॅबमध्ये जाणार असाल तर गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांच्या प्रतिकारशक्तीचा पुरावा, हिपॅटायटिस बी ची अँटिबॉडी (10 किंवा जास्त हवी), टीडॅप (धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याची लस), आणि टीबीची चाचणी, असं सगळं मागतात. 'लहानपणी सगळं दिलंय' याला तिथे किंमत नाही. रक्त तपासून आकडा दाखवायचा.

टीबीसाठी मी लातूरला मँटू, म्हणजे त्वचेवरची चाचणी करून गेले. आपल्या सगळ्यांच्या दंडावर बीसीजीचा तो गोल व्रण आहे, आणि बीसीजी घेतलेल्याची मँटू पॉझिटिव्ह येऊ शकते हे दुसऱ्या वर्षातच शिकलेलं असतं. तरी केली. 12 मिलिमीटर. तिथल्या नर्सनं कागद बघितला, माझ्याकडे बघितलं आणि फाइल बाजूला ठेवली. मग रक्ताची चाचणी, छातीचा एक्स-रे, डॉक्टरांचा शेरा, तीन आठवडे गेले. तुम्ही थेट इग्रा ही रक्ताची चाचणी करा. क्वांटिफेरॉन या नावानं मोठ्या लॅबमध्ये मिळते आणि बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही. फक्त किती दिवसांपूर्वीची चालते ते आधी विचारा, नाहीतर तीही शिळी ठरायची.

6. व्हिसा

याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात आटोपते. डीएस-2019 आता ईमेलनं येतो. प्रिंट काढून सही करा. सेव्हिस (परदेशी विद्यार्थी-संशोधकांची अमेरिकन सरकारी नोंदप्रणाली) फी भरा (मी भरली तेव्हा 220 डॉलर), डीएस-160 हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरा, व्हिसा फी भरा (तेव्हा 185 डॉलर), मग आधी बोटांचे ठसे आणि नंतर मुलाखत अशा दोन अपॉइंटमेंट घ्या. डीएस-160 वर गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची खाती विचारतात. जून 2025 पासून जे व्हिसावाल्यांना ती खाती सार्वजनिक ठेवायलाही सांगितलं जातं. मला हे नव्हतं.

मुंबईतली मुलाखत बीकेसीला होते. फोन आत नेता येत नाही, तेव्हा सोबत कोणीतरी असू द्या. बाबा रस्त्यापलीकडे माझी सॅक पोटाशी धरून दोन तास उभे होते. आत मला तीनच प्रश्न विचारले: काय करणार, पैसे कोण देणार, परत येऊन काय करणार. आपला प्रोजेक्ट डॉक्टर नसलेल्या माणसाला कळेल अशा एका वाक्यात सांगायची तयारी करा. माझ्या पुढचा मुलगा जीनचं नाव सांगत बसला आणि अधिकारी स्क्रीनकडे बघत राहिला.

221(जी) ची चिठ्ठी मिळाली तर घाबरू नका. तो कायमचा नकार नसतो, बहुधा जादा तपासणी असते. पण ती कधी संपेल हे सांगता येत नाही. म्हणून पासपोर्ट हातात येईपर्यंत परत न होणारं तिकीट काढू नका.

7. उतरल्यावर

विमानतळावर खाण्याचे पदार्थ लपवू नका, फॉर्मवर किंवा तोंडी सांगा. माझी शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट दोन्ही पार झाले. मांस आणि ताजी फळं मात्र नेऊच नका.

पहिल्या दोन दिवसांत आय-94 ची, म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद डाऊनलोड करून नाव आणि 'जे-1' बरोबर आहे का पाहा. मग इंटरनॅशनल ऑफिसात हजेरी लावा. ती लागली नाही तर सेव्हिसमध्ये तुम्ही पोचलेलेच नसता. पगार मिळणार असेल तर दहाएक दिवसांनी सोशल सिक्युरिटी नंबरसाठी अर्ज करा, त्याला फी नसते. बिनपगारी असाल तरी बँकेत पासपोर्ट आणि डीएस-2019 दाखवून खातं उघडता येतं. एका शाखेनं नाही म्हटलं तर दुसऱ्या बँकेत जा, मी तेच केलं.

घर न बघता डिपॉझिट पाठवू नका. फोटो सुंदर, भाडं बाजारभावाहून कमी आणि मालक 'सध्या परदेशी' असेल तर तो फसवणारा आहे. पहिले दहा दिवस विद्यापीठाच्या गेस्ट हाऊसमध्ये किंवा ओळखीत काढा. गावात मराठी मंडळ असेल तर त्यांना लिहा. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांचं बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 पासून आहे आणि बऱ्याच शहरांत त्याच्याशी जोडलेली मंडळं आहेत. मला रूममेट मंडळाच्या ग्रुपवरच मिळाली. गणपतीच्या कार्यक्रमात एका काकूंनी 'नोव्हेंबरमध्ये लागेल' म्हणत गुडघ्यापर्यंतचा कोट दिला. सप्टेंबरच्या उकाड्यात तो हातावर टाकून बसमधून येताना मला हसू येत होतं. नोव्हेंबरात आलं नाही.

8. डेटाला हात लावताना

आपल्याकडे युनिटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक्स-रे फिरतो, वर रुग्णाचं नाव आणि आयपीडी नंबर. सवयच झालेली असते. ती विमानतळावरच सोडा. हिपा या रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेच्या अमेरिकन कायद्यात ओळख पटवणाऱ्या 18 प्रकारच्या गोष्टी धरल्या आहेत आणि त्यात नाव-पत्त्याबरोबर दाखल झाल्याची तारीखसुद्धा येते. स्क्रीनचा फोटो काढू नका, फाइल स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका, पेन ड्राइव्हवर घेऊ नका. घरून काम करायचंय तर विद्यापीठाच्या व्हीपीएनवरून.

नोंदी बहुधा रेडकॅपमध्ये भरायच्या असतात. व्हँडरबिल्ट विद्यापीठात 2004 साली सुरू झालेली ही प्रणाली आता जवळपास सगळीकडे आहे. भरायला सोपी, पण आधी दहा रुग्ण भरून पीआयला दाखवा. मी ऐंशी भरल्यावर दाखवले. क्रिअॅटिनिन कोणत्या दिवसाचं घ्यायचं हे मला चुकीचं कळलं होतं. ऐंशी पुन्हा.

9. पेपरवरचं नाव

भारतीय मुलाला हे विचारायची लाज वाटते, मलाही वाटली. पण पहिल्या महिन्यातच विचारा: यातून कोणता पेपर निघेल, पहिला लेखक कोण, माझ्याकडून काय अपेक्षा? नुसता डेटा गोळा केल्यानं लेखक होता येत नाही. आयसीएमजेईच्या (वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती) चार अटी सगळ्या पाळाव्या लागतात: कामात भरीव वाटा, लिखाणात किंवा त्याच्या चिकित्सेत सहभाग, अंतिम मसुद्याला संमती आणि मजकुराची जबाबदारी. म्हणजे मसुद्यावर तुमचा हात फिरायला हवा. झालेलं बोलणं त्याच संध्याकाळी दोन ओळींच्या ईमेलमध्ये लिहून पाठवा, 'आज ठरल्याप्रमाणे' अशी सुरुवात करून. ती तक्रार वाटत नाही आणि विसरायलाही होत नाही.

सहाच महिने असतील तर नवा प्रोजेक्ट मागू नका. गोळा झालेल्या पण लिहायच्या राहिलेल्या डेटाबद्दल विचारा. प्रत्येक लॅबच्या कपाटात असं एक भिजत घोंगडं असतंच. माझा एकमेव छापून आलेला पेपर तशाच एका फाइलमधून निघाला, सप्टेंबरपासून भरलेल्या नोंदींचा अजून पडून आहे.

10. परतण्याआधी

शेवटच्या दिवशी तुमचं लॉगिन बंद होतं आणि डेटा भारतात आणता येत नाही. म्हणून आकडेमोड, तक्ते, आलेख शेवटच्या पंधरवड्याआधी संपवा. घरी येऊन फक्त शब्द लिहायचे राहिले पाहिजेत.

शिफारसपत्र समोर बसून मागा, निघाल्यावर ईमेलनं नको. कार्यक्रम संपल्यावर 30 दिवस अमेरिकेत राहता येतं, फिरता येतं, पण काम करता येत नाही, आणि या दिवसांत देशाबाहेर पडलात तर परत आत येता येत नाही. घराच्या डिपॉझिटसाठी मालकाला लेखी पत्ता द्या आणि रिकाम्या खोलीचे फोटो काढा, ओव्हनच्या आतलेसुद्धा. माझे 120 डॉलर ओव्हनच्या सफाईत गेले, जो मी दोनदा वापरला होता.

आणि फॉर्म 8843. एक पैसा कमावला नसेल तरी जे-1 वाल्यांना तो पुढच्या वर्षी अमेरिकेच्या कर खात्याला पाठवावा लागतो. कमाई नसेल तर मुदत 15 जून. तो एकटाच पाठवायचा असेल तर कागदावर सही करून पोस्टानंच जातो, टेक्सासमधल्या ऑस्टिनला. मी मेमध्ये लातूरच्या पोस्टातून स्पीड पोस्टनं पाठवला. काउंटरवरच्या काकांनी स्पेलिंग दोनदा विचारून घेतलं, पावती दिली आणि म्हणाले, 'पोचल्यावर कळवा हं, आम्हालाही समजू दे.'